केसपेपरवर 'मेनोपॉज' लिहून पुढचा पेशंट बोलावणाऱ्या डॉक्टरांना खुलं पत्र

डॉक्टर, नमस्कार.

हे पत्र स्पेशालिस्ट लोकांसाठी नाहीये. सर्दीपासून शुगरपर्यंत सगळ्यासाठी आम्ही आधी ज्यांच्याकडे येतो त्या तुमच्यासारख्या फॅमिली डॉक्टरांसाठी आहे. पंचेचाळिशीची बाई झोप लागत नाही, छातीत धडधडतं, सांधे धरलेत, बोलता बोलता शब्द आठवत नाही, असं काहीही घेऊन निघाली की ती पहिल्यांदा तुमच्याच समोर येऊन बसते. आणि तिथे बऱ्याचदा दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर तुम्ही वय विचारता, मान हलवता आणि "मेनोपॉजचं आहे, होणारच" म्हणून कॅल्शियम लिहून मोकळे होता. नाहीतर मेनोपॉज तुमच्या डोक्यातच येत नाही, कारण तिची पाळी अजून चालू असते, आणि मग ईसीजी, इको, व्हिटॅमिनची इंजेक्शनं, झोपेच्या गोळ्या असं तिला महिनोन्महिने फिरवलं जातं. या दोन्ही चुका एकमेकींच्या अगदी उलट आहेत पण होतात एकाच कारणाने, बाईला तिच्या पाळीबद्दल नीट चार प्रश्न कोणी विचारतच नाही.

मी डॉक्टर नाही, पेशंट आहे, पन्नाशी ओलांडलेली, आणि या विषयावर जे मिळेल ते वाचत बसणारी. माझं दुसऱ्या प्रकारातलं झालं. धडधडीसाठी हृदयाच्या सगळ्या तपासण्या झाल्या, रिपोर्ट नॉर्मल आले, आणि "टेन्शन कमी घ्या" एवढंच हातात पडलं. शेवटची पाळी कधी आली होती हे त्या सगळ्या फाइलमध्ये कुठेच लिहिलेलं नाही. तक्रार म्हणून सांगत नाहीये (बरं, थोडी आहे तक्रार), पण असं आमच्यातल्या कितीतरी जणींचं होतं म्हणून हे लिहायला बसले.

तुम्हाला शरीरशास्त्र शिकवायची माझी लायकी नाही, तरी थोडं सांगते कारण "इस्ट्रोजेन हळूहळू कमी होत जातं" हे जे वाक्य आम्हाला ऐकवलं जातं ना, तेच मुळात दिशाभूल करणारं आहे.

मुलगी आईच्या पोटात २० आठवड्यांची असते तेव्हा तिच्या अंडाशयात ६० ते ७० लाख स्त्रीबीजं असतात. जन्माला येईपर्यंत त्यातली १० ते २० लाख उरतात आणि वयात येईपर्यंत तीन-चार लाख. प्रत्यक्ष दर महिन्याला पिकून बाहेर पडणारी संपूर्ण आयुष्यात जेमतेम ४०० ते ५००, बाकीची सगळी आपोआप जिरून जातात, गोळ्या घेतल्या काय, बाळंतपणं झाली काय, ते जिरणं चालूच राहतं. शेवटी साधारण हजारच्या आसपास किंवा त्याहून कमी उरली की पाळी थांबते. म्हणजे पाळी जाण्याची तयारी आपण जन्मायच्या आधीपासून चालू झालेली असते.

आता गंमत मधल्या काळात आहे. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ग्रंथी एफएसएच नावाचं हॉर्मोन सोडते, त्याने अंडाशयातली बीजं वाढायला लागतात, आणि अंडाशय उलट इस्ट्रोजेन आणि इनहिबिन ही हॉर्मोन्स पाठवून पिट्यूटरीला सांगतं की पुरे आता. बीजं कमी झाली की इनहिबिन कमी पडतं, पिट्यूटरीला लगाम राहत नाही आणि ती एफएसएच वाढवत नेते. या वाढलेल्या एफएसएचने उरलेली बीजं कधीकधी एवढी चेकाळतात की एखाद्या महिन्यात इस्ट्रोजेन पंचविशीत नसेल एवढं वर जातं, आणि पुढच्याच महिन्यात धाडकन खाली. त्यात काही महिने बीज बाहेर पडतच नाही, मग अस्तराला आवर घालणारं प्रोजेस्टेरॉन हे हॉर्मोन तयार होत नाही, गर्भपिशवीचं अस्तर इस्ट्रोजेनवर वाढतच राहतं, आणि नंतर जेव्हा ते पडतं तेव्हा बाईला दोन दोन तासाला पॅड बदलावं लागतं, रक्ताच्या गाठी पडतात. म्हणून एकाच बाईला एकाच महिन्यात स्तन भरून येणं, दुखणं पण असतं आणि गरम वाफा पण असतात. तिला वाटतं आपल्याला वेड लागलंय, तुम्हाला वाटतं ही वाढवून सांगतेय, आणि खरं तर हॉर्मोन्स वर-खाली होतायत एवढंच झालेलं असतं.

याच कारणाने एकदा रक्त काढून एफएसएच बघितलं आणि "नॉर्मल आहे, मेनोपॉज नाही" सांगितलं याला पंचेचाळिशीनंतर काही अर्थ नाही. आज आलेला आकडा पुढच्या महिन्यात निम्मा असू शकतो नाहीतर दुप्पट. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येच सांगितलंय की ४५ च्या पुढच्या बाईला नेहमीची लक्षणं असतील तर निदानासाठी एफएसएच करू नका, लक्षणं आणि पाळीचा इतिहास पुरेसा आहे. मग इतिहासात काय बघायचं? आधी पाळीच्या तारखा सात किंवा जास्त दिवसांनी मागेपुढे व्हायला लागतात. मग ६० दिवस किंवा त्याहून मोठी गॅप पडायला लागते, आणि तिथून शेवटची पाळी साधारण एक ते तीन वर्षांवर असते. शेवटची पाळी ही शेवटची होती हे कळतं मात्र १२ महिने कोरडे गेल्यावर, मागे वळून बघूनच. बहुतेकींचं हे ४५ ते ५५ च्या दरम्यान उरकतं, सिगरेट ओढणाऱ्यांचं एक-दोन वर्षं आधी. आणि सगळ्यात जास्त त्रास बऱ्याच जणींना पाळी चालू असतानाच होतो, म्हणून "पाळी येतेय ना, मग मेनोपॉज कसला" हा प्रश्न प्लीज विचारू नका.

गरम वाफांबद्दल मला जरा जास्त लिहायचंय, कारण सगळ्यात जास्त हसण्यावारी नेली जाणारी गोष्ट ही. मेंदूच्या हायपोथॅलॅमस नावाच्या भागात काही मज्जापेशी आहेत ज्या न्यूरोकायनिन बी नावाचं रसायन वापरतात. इस्ट्रोजेन असतं तोवर त्या ताब्यात राहतात. इस्ट्रोजेन गेलं की त्या आकाराने फुगतात, जास्त कामाला लागतात आणि शेजारचं जे शरीराचं तापमान सांभाळणारं केंद्र आहे त्याला सारखं डिवचत राहतात. एरवी शरीराचं आतलं तापमान थोडंफार इकडेतिकडे झालं तर मेंदू दुर्लक्ष करतो, आता ती दुर्लक्ष करायची मर्यादाच एकदम अरुंद होते. त्यामुळे अगदी बारीकशी वाढ झाली तरी मेंदू समजतो की अंग तापलंय, कातडीच्या रक्तवाहिन्या उघडतात, चेहरा मान लाल होते, ठोके वाढतात, दरदरून घाम येतो, आणि मग उष्णता जास्तच बाहेर गेली म्हणून दोन मिनिटांनी हुडहुडी. हे सगळं मोजता येतं, कातडीवर सेन्सर लावून मोजलंय लोकांनी. यात मनाचा खेळ कुठे आला? २०२३ मध्ये अमेरिकेत फेझोलिनेटँट नावाच्या गोळीला मान्यता मिळाली, तिच्यात हॉर्मोन अजिबात नाही, ती फक्त त्या न्यूरोकायनिन बी चा रिसेप्टर (म्हणजे ते जिथे जाऊन चिकटतं ती जागा) बंद करते आणि वाफा कमी होतात (लिव्हरच्या तपासण्या मात्र करत राहाव्या लागतात तिच्याबरोबर). मेंदूतलं एक बटण बंद केल्यावर जी गोष्ट कमी होते ती बाईच्या नाजूक स्वभावामुळे होत नव्हती हे मान्य करायला हरकत नसावी.

आणि किती दिवस? "सहा महिने वर्षभर काढा, जाईल" असं सांगता तुम्ही. अमेरिकेत १९९६ पासून तीन हजारांहून जास्त बायकांच्या मागे वर्षानुवर्षं लागून केलेला स्वॅन नावाचा अभ्यास आहे, त्यात वारंवार वाफा येणाऱ्या बायकांमध्ये हा त्रास मध्यकाने ७.४ वर्षं टिकला, म्हणजे निम्म्यांचा याहूनही लांबला. ज्यांना पाळी चालू असतानाच वाफा सुरू झाल्या त्यांचा तर ११ वर्षांच्या वर.  रात्री घामाने उठून कपडे बदलायचे, मग तीनला डोळे टक्क उघडे, सकाळी परत कामाला, असं सात वर्षं केल्यावर कोणाचंही डोकं ठिकाणावर राहणार नाही, चिडचिड आणि विसरभोळेपणाची अर्धी गोष्ट तर झोपेतच आहे. उरलेली अर्धी मेंदूवर इस्ट्रोजेनच्या वर-खाली होण्याचा थेट परिणाम. या काळात डिप्रेशनचा धोका खरोखर वाढतो, विशेषतः आधी कधी डिप्रेशन किंवा बाळंतपणानंतरची उदासी येऊन गेली असेल तर, तेव्हा ते डिप्रेशन म्हणूनच नीट बघा, फक्त पाळीचा प्रश्न त्याच बैठकीत विचारा. आणि शब्द न आठवण्याने घाबरलेल्या बाईला एवढं तरी सांगा की हा बहुतेकदा स्मृतिभ्रंश नसतो, पुढे सुधारतो. आमच्यातल्या कितीतरी जणी मनातल्या मनात हीच भीती घेऊन बसलेल्या असतात आणि एका वाक्याने ती जाते.

"नैसर्गिक आहे" हे वाक्य पण एकदा बाजूला ठेवूया. चाळिशीत जवळचं दिसेनासं होणं पण नैसर्गिकच आहे, तरी चष्म्याचा नंबर काढायला पाठवताच ना तुम्ही. (आणि निसर्गाचंच म्हणाल तर पिल्लं होणं थांबल्यावर एवढी वर्षं जगणाऱ्या माद्या प्राण्यांमध्ये फारच कमी, ओर्का, पायलट व्हेल अशा मोजक्याच. म्हणजे यात सर्वसाधारण असं काही नाहीये.)

आता सुरुवातीला सांगितलेली पहिली चूक, आणि ही जीवावर बेतणारी आहे. बाई ४५-५० ची दिसली की सगळं मेनोपॉजच्या खात्यात टाकायचं.

धडधड, घाम, वजनात फरक, केस गळणं, पाळी बिघडणं हे सगळं थायरॉईडमध्येही असतं, टीएसएच ही थायरॉईडची एक रक्ततपासणी केल्याशिवाय कळत नाही. थकवा आणि दम लागणं हे दोन वर्षं भरमसाठ अंगावरून गेल्याने झालेल्या ॲनिमियाचंही असतं, आणि त्यात हिमोग्लोबिन ठीक दिसलं तरी फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा तळाला गेलेला असू शकतो. घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं पाळी गेल्यावर बायकांमध्ये वाढतं पण तो पुरुषांचाच आजार समजून बाईला कोणी विचारत नाही. रात्रीचा घाम येतोय आणि सोबत ताप आहे, वजन उतरतंय, गाठी लागतायत, तर तो घाम मेनोपॉजचा म्हणून सोडायचा नाही, टीबी आणि लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कॅन्सर) ही नावं तुम्हाला मी सांगायला नको. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच पोट सारखं फुगतंय, दोन घासात भरतंय, लघवीला घाई होतेय, आणि ते आठवडेच्या आठवडे चाललंय, तर गॅसची गोळी देण्याआधी अंडाशयाच्या कॅन्सरचा विचार झाला पाहिजे.

हृदयाचं तर सरळ आहे, पाळी जाण्याच्या आगेमागे वर्षभरात एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल चांगलंच उडी मारतं, चरबी कमरेवरून पोटावर यायला लागते, बीपी शुगर सरकायला लागतं. बायकांना हार्ट अटॅकमध्ये छातीत दुखतंच, पण त्याबरोबर किंवा कधी त्याशिवायही दम लागणं, जबड्यात पाठीत दुखणं, मळमळ, विचित्र थकवा असं येतं आणि ते ॲसिडिटी नाहीतर मेनोपॉज म्हणून घरी पाठवलं जातं. वाफ आली की धडधड दोन-चार मिनिटांत शमते, घामाबरोबर येते. जिना चढताना येणारी, श्रमाबरोबर वाढणारी, चक्कर आणणारी धडधड वेगळी. माझ्या ज्या हृदयाच्या तपासण्या झाल्या त्या करायलाच नको होत्या असं माझं म्हणणं नाहीच, त्या नॉर्मल आल्यावर पुढचा प्रश्न कोणी विचारला नाही हे म्हणणं आहे.

आणि रक्तस्राव. वर्षभर पाळी नसताना नंतर एकदाही, अगदी डाग दिसला तरी, ती "पाळी परत आली" नसते. ही गोष्ट मला तुमच्या दवाखान्याच्या दारावर मोठ्या अक्षरात लिहावीशी वाटते. पाळी गेल्यावर गर्भपिशवीच्या अस्तराचा कॅन्सर झालेल्या बायकांपैकी साधारण ९० टक्क्यांना हेच लक्षण आधी दिसतं. उलट बाजूने, असा रक्तस्राव झालेल्या १०० जणींपैकी साधारण नऊ-दहा जणींना कॅन्सर निघतो, बाकीच्यांना अस्तर पातळ झाल्याने, पॉलिपमुळे (अस्तरावर वाढलेल्या छोट्या कोंबामुळे) वगैरे. म्हणजे घाबरवून टाकायचं कारण नाही पण सोडायचं तर अजिबातच नाही. आतून केलेल्या सोनोग्राफीत अस्तर ४ मिलिमीटर किंवा कमी असेल तर धोका फार कमी, जास्त असेल किंवा रक्त परत परत जात असेल तर तुकडा काढून तपासायचा. लवकर सापडला तर हा कॅन्सर बहुतेकदा पूर्ण बरा होतो, म्हणून तर एवढी घाई. पाळी अजून गेलेली नाही पण ४५ च्या पुढे भरपूर आणि अवेळी जातंय तिलाही "जाताना असंच होतं" म्हणून वर्षभर लटकवू नका, गाठी असतील, पॉलिप असेल, अस्तर नको तेवढं वाढलेलं असेल, बघावं लागतं.

पिशवी काढलेल्या बायकांचं वेगळंच त्रांगडं आहे. नुसती गर्भपिशवी काढली आणि अंडाशय ठेवले तर पाळी बंद होते पण मेनोपॉज होत नाही, तो नंतर येतो, बऱ्याचदा थोडा लवकर, आणि पाळीची खूण नसल्यामुळे कोणाच्या लक्षातच येत नाही. अंडाशयही काढले असतील तर दुसऱ्या दिवसापासून मेनोपॉज, तोही हळूहळू वगैरे नाही, एकदम. आमच्यातल्या निम्म्या जणींना आपलं नक्की काय काढलंय हेच माहीत नसतं हो. "पिशवी काढली" एवढंच सांगतात. तेव्हा ऑपरेशनचे कागद मागवा, बघा.

चाळिशीच्या आत पाळी बंद होणाऱ्या मुलींचं तर बोलूच नका असं झालंय. साधारण शंभरात एक तरी असते, म्हणजे तुमच्याकडे येऊन गेलेली असणारच. कारणं जनुकीय असतात, ऑटोइम्यून (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते) असतात, केमोथेरपी रेडिएशन झालेलं असतं, आणि पुष्कळदा कारण सापडतच नाही. तिला "टेन्शन घेऊ नकोस, येईल" म्हणून दोन वर्षं घालवली तर त्या दोन वर्षांत हाडं आणि हृदय दोन्ही इस्ट्रोजेनविना राहतं. इथे एफएसएच तपासणं मात्र गरजेचं आहे, आणि तिला हॉर्मोन्स देणं हा चैनीचा विषय नाही, काही ठोस अडचण नसेल तर साधारण पन्नाशीपर्यंत म्हणजे नैसर्गिक वयापर्यंत द्यायचीच असतात. शिवाय मूल होण्याचा प्रश्न, त्यावर पण तिच्याशी कोणीतरी नीट बसून बोलायला हवं.

हाडांचं थोडक्यात. इस्ट्रोजेन हाड खाणाऱ्या पेशींना आवर घालतं, ते गेलं की त्या मोकाट. शेवटच्या पाळीच्या वर्षभर आधीपासून पुढची दोन-तीन वर्षं सगळ्यात वेगाने झीज होते, पाच-सात वर्षांत काहींची २० टक्क्यांपर्यंत हाडाची घनता जाते, आणि दुखत काहीच नाही. हाड मोडल्यावरच कळतं. कॅल्शियमची गोळी एकटी हे थांबवत नाही, वजन उचलायचा व्यायाम, व्हिटॅमिन डी, आणि जिच्या आईचं खुब्याचं हाड मोडलंय, जी स्टेरॉइडवर आहे, जिची पाळी लवकर गेली, जी अगदी किडकिडीत आहे, तिची डेक्सा म्हणजे हाडांच्या घनतेची तपासणी वयाच्या ६५ ची वाट न बघता.

आता ज्या विषयावर तुम्ही विचारत नाही आणि आम्ही सांगत नाही. योनीमार्गाचं अस्तर इस्ट्रोजेनवर जाड आणि ओलसर राहतं, त्यात ग्लायकोजेन म्हणजे साठवलेली साखर असते, त्यावर लॅक्टोबॅसिलस जंतू जगतात आणि जागा आम्लयुक्त ठेवतात, म्हणून बाकीचे जंतू वाढत नाहीत. इस्ट्रोजेन गेलं की ही सगळी साखळी तुटते. अस्तर पातळ, कोरडं, जळजळ, खाज, संबंधांच्या वेळी दुखणं, चिरा पडणं, लघवीला घाई, आणि परत परत लघवीचं इन्फेक्शन. वाफा निदान कधीतरी थांबतात, हे उपचाराशिवाय वाढतच जातं. एका बाईला वर्षात चार वेळा अँटिबायोटिक लिहून देता तेव्हा एकदा तरी हा विचार करा, कारण तिथेच लावायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेन क्रीम किंवा योनीत ठेवायची गोळी असते, रक्तात फारच थोडं जातं, आणि इन्फेक्शन परत येणं खरंच कमी होतं. ब्रेस्ट कॅन्सर झालेल्या बाईला देण्याआधी तिच्या कॅन्सरच्या डॉक्टरांशी बोला, पण बाकीच्यांना का नाही?

कारण 'हॉर्मोन' शब्द ऐकला की तुम्हीही दचकता आणि आम्हीही. ते दचकणं जुलै २००२ चं आहे. अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या मोठ्या चाचणीचा एक भाग, १६,६०८ बायकांचा, मध्येच थांबवला गेला आणि हॉर्मोन्सने ब्रेस्ट कॅन्सर होतो अशी बातमी जगभर गेली. बातमी खोटी नव्हती पण आकडा कोणी सांगितला नाही. वर्षाला दर १०,००० बायकांमागे ब्रेस्ट कॅन्सरच्या साधारण ८ केसेस जास्त. त्या बायकांचं सरासरी वय ६३, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेली, आणि औषध एका विशिष्ट प्रकारचं, पोटातून घ्यायचं इस्ट्रोजेन अधिक एक कृत्रिम प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं औषध). गर्भपिशवी नसलेल्या, फक्त इस्ट्रोजेन घेणाऱ्या गटात ब्रेस्ट कॅन्सर वाढला नाही (स्ट्रोक वाढला, तो गट २००४ मध्ये त्यासाठी थांबवला). यावरून पन्नाशीच्या, रात्र रात्र जागणाऱ्या बाईला सरसकट नाही म्हणून टाकलं गेलं, आणि एक अख्खी पिढी तशीच सोसत राहिली.

आज तज्ज्ञांच्या संस्था सांगतात ते असं की वय ६० च्या आत किंवा पाळी जाऊन १० वर्षं व्हायच्या आत असलेल्या, त्रास होणाऱ्या आणि दुसरी अडचण नसलेल्या बाईला हॉर्मोन्सचा फायदा सहसा धोक्यापेक्षा जास्त असतो. गर्भपिशवी असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन हवंच, नाहीतर अस्तराचा कॅन्सर होतो, हे १९७५ मध्येच लक्षात आलंय. पॅच किंवा जेलने रक्ताच्या गुठळ्यांचा धोका गोळीइतका वाढत नाही. ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेलाय, गुठळी, स्ट्रोक किंवा हार्ट अटॅक झालाय, लिव्हर बिघडलंय, रक्त का जातंय हे कळलेलं नाही, अशांना द्यायचं नाही. हे तरुण राहायचं टॉनिक पण नाही, तसं विकणारेही आहेत आणि त्यांच्यावरही माझा तेवढाच राग आहे.

आणि ज्यांना हॉर्मोन चालत नाहीत किंवा नको आहेत त्यांना रिकाम्या हाताने का पाठवता? व्हेनलाफॅक्सिन, कमी डोसचं पॅरॉक्सेटिन, गॅबापेंटिन, या सगळ्या हॉर्मोन नसलेल्या औषधांनी वाफा कमी होतात, सीबीटी म्हणजे जी बोलून करायची थेरपी तिचाही उपयोग होतो. फक्त टॅमॉक्सिफेन या ब्रेस्ट कॅन्सरच्या औषधावर असलेल्या बाईला पॅरॉक्सेटिन नको, त्याने टॅमॉक्सिफेनचं काम मंदावतं. हर्बल पावडरींबद्दल मी काही बोलत नाही, पुरावा पातळ आहे एवढंच.

जाता जाता, ४८ व्या वर्षी दोन महिने पाळी चुकली म्हणजे दरवेळी मेनोपॉजच असतो असं नाही, दिवसही राहू शकतात. पन्नाशीच्या आतलीने शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षं, नंतरच्या वयात एक वर्ष दिवस राहू नयेत म्हणून काळजी घ्यायची असते. हे आम्हाला कोणीच सांगत नाही.

तुमच्याकडे एका पेशंटला दहा मिनिटंही नसतात हे दिसतं मला बाहेरच्या रांगेतून. म्हणून मागणी छोटीच करते. चाळिशीच्या पुढची कुठलीही बाई कुठल्याही तक्रारीसाठी आली की केसपेपरवर शेवटच्या पाळीची तारीख लिहा, तारखा किती मागेपुढे होतायत ते, पिशवी आणि अंडाशय आहेत की काढलेत ते, मध्ये किंवा नंतर रक्त जातं का, झोप कशी आहे, लघवीचा आणि कोरडेपणाचा त्रास आहे का, आणि त्याच फेरीत बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, टीएसएच आणि हिमोग्लोबिन बघून घ्या. सोबत नवरा, मुलगा, सासू, बहीण जे कोणी आलं असेल त्यांना त्या दोन मिनिटांपुरतं बाहेर बसायला सांगा आणि ते तुम्हीच सांगा, आम्हाला ते सांगता येत नाही. लघवीचा आणि कोरडेपणाचा हे दोन प्रश्न त्यांच्यासमोर विचारलेत तर आम्ही "काही नाही, सगळं ठीक आहे" असंच म्हणणार.

तुमच्याच एका ओपीडीतली,
एक पेशंट